निशाणी बांगडी

१

तेरा होता, पंधरा होता. चौदा नव्हता.

मी बोटाला थुंकी लावून पुन्हा मोजलं. सत्तावन्न सालचा दिवाणी दावा, म्हाळसा विरुद्ध तिचा बांधकरी. लाल कापडात बांधलेला गठ्ठा, त्याला आम्ही कोर्टातली माणसं बस्ता म्हणतो. तो बस्ता शोधायलाच मला चार दिवस लागले होते. चार दिवस शिडीवर चढउतर, नाकातोंडात धूळ, आणि अखेर बस्ता सापडला तर ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच कागद गायब.

"काय अकबरभाई, मिळालं का?" टेबलामागून बापूसाहेबांनी विचारलं. बापूसाहेब म्हणजे आमचे रेकॉर्डकीपर. अर्जावर कोर्टफीचं तिकीट लावल्याशिवाय हा माणूस स्वतःच्या सासऱ्यालाही खुर्ची द्यायचा नाही.

"चौदा नंबरचा कागद न्हाय," मी म्हणालो.

बापूसाहेबांनी चष्मा काढला. "नाही म्हणजे? माझ्या ताब्यातली टाचणीसुद्धा इकडची तिकडं होत नाही."

गेली छत्तीस वर्षं मी बारामतीत वकिलाचा कारकून म्हणून काढली. अठ्ठावन्न साली लागलो तेव्हा मिसरूड फुटत होतं, आता दाढी पांढरी झाली. जुना कागद शोधायचा तर अकबर मुलाण्याला बोलवा, असं इंदापूरपर्यंत म्हणतात. त्याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवतही नाही.

बाहेर लिंबाखाली म्हाळसाबाई बसली होती. गेली दोन वर्षं ही बाई आमच्याकडे येते. मी तिला पायांवरून ओळखतो, टाचांना भेगा आणि डाव्या पायाची करंगळी वाकडी. बाईमाणसाकडे मान वर करून बघायचं नाही, हा माझ्या अब्बांचा धडा. मी तो आयुष्यभर पाळला. त्यामुळे बायका बिनघोर माझ्याकडे येतात.

"घावला का वो?" पाय म्हणाले.

"बस्ता घावला," मी म्हणालो.

२

प्रकरण साधं होतं आणि म्हणूनच भयंकर होतं.

म्हाळसाबाईच्या बापाने मरायच्या आधी, चोपन्न साली, वाटणीचा कागद केला. त्यात जळोचीची चार एकर लेकीला लिहून दिली. कागदावर तिच्या भावाची, धुळाजीची, साक्ष. बाप पंचावन्न साली गेला. लेकींना वाटा देणारा कायदा त्याच्यानंतर आला, म्हणजे तोही हिच्या उपयोगाचा नाही. जमिनीची सरकारी नोंद भावाच्या नावावर राहिली. सत्तावन्न साली बांधावरून शेजाऱ्याशी दावा झाला, तेव्हा तो कागद कोर्टात दाखल केला. शेजाऱ्याने बांध सोडला, दावा काढून घेतला, निकाल असा झालाच नाही. कागद मात्र कोर्टात राहिला, आणि त्याची दुसरी नक्कल कुठे नव्हती.

पुढे बाईचा नवरा वारला. पोटी मूलबाळ नाही. एकसष्ट साली ती निमगाव केतकीहून माहेरच्या त्या चार एकरांत येऊन राहिली. खोली बांधली, शेरडं पाळली, विहिरीवर तीन आंबे लावले. आता जळोचीला शहर येऊन भिडलं. धुळाजी मेला आणि त्याचा मुलगा यशराज याने आत्याला बाहेर काढायचा दावा लावला. वडिलांनी दयेने राहू दिलं होतं, असं त्याचं म्हणणं.

"राहू दिलेल्या माणसाचा हक्क होत नाही," सुकन्याताई म्हणाल्या. सुकन्याताई म्हणजे आमच्या कैलासवासी वकीलसाहेबांच्या कन्या. आता ऑफिस त्याच चालवतात. "चाळीस वर्षं राहिली तरी नाही. तो कागद हवाच, अकबरभाई. एकवीस फेब्रुवारीला शेवटची संधी दिलीय जजसाहेबांनी."

त्या दिवशी सात तारीख होती.

"चोरलाय, ताई," मी म्हणालो. "यशराजनंच."

"कशावरून?"

कशावरून ते मला सांगता येईना. म्हणून मी दुसऱ्या दिवशी परत रेकॉर्डला गेलो.

३

बापूसाहेबांनी नवा अर्ज मागितला. बस्ता कालचाच, मी कालचाच, तरी अर्ज नवा. मी डोक्यात राख घालून घेतली नाही. अर्ज लिहिला, तिकीट चिकटवलं.

या खेपेला मी कागद मोजले नाहीत, नुसते बघत बसलो. तेरा आणि पंधरा नंबरचे कागद एकमेकांना चिकटले होते. कधीतरी पावसाळ्यात ओल आली असणार, आणि वाळताना शाई शाईला धरून बसली होती. सोडवताना तेराची तीन अक्षरं पंधरावर उतरली.

"बापूसाहेब, हितं गळती कधी झाली व्हती?"

"बासष्टला. मी नव्हतो तेव्हा. त्यानंतर पत्रे बदलले."

बासष्ट साली तेरा आणि पंधरा एकमेकांना चिकटले, म्हणजे चौदा तेव्हाच मध्ये नव्हता. यशराज तेव्हा पाळण्यातही नसेल. मी ज्याला चोर ठरवून रात्रभर शिव्या दिल्या, तो त्या वेळी जन्मलाच नव्हता.

तरी मी त्याला भेटलो. जळोचीच्या रस्त्याला त्याचं प्लॉटचं ऑफिस आहे. त्याने चहा मागवला, खुर्ची स्वतः पुसून दिली. वाईट वागला असता तर बरं झालं असतं.

"चाचा, खोटं न्हाय सांगत. तसा कागद हाय हे मला आत्यानं दावा लागल्यावर सांगितलं. आमच्या वडलांनी कधी नावसुद्धा काढलं न्हाय. तुमी आईला इचारा पायजे तर. ती माज्या भनीकडं असती, डाळजला."

"कागद निघाला तर सोडशील का जमीन?"

तो हसला. "निघू द्या तर आदी."

परत येऊन मी बस्त्यातली कागदांची यादी भिंगाखाली धरली. चौदाच्या पुढे लाल शाईचा एक डाग होता. मी त्याला डागच समजत होतो. भिंगाखाली तो शब्द निघाला. "परत."

४

कोर्टात दाखल केलेला मूळ कागद, दावा संपल्यावर ज्याचा त्याला परत मिळतो. त्याचं वेगळं रजिस्टर असतं. एकोणसाठ सालचं रजिस्टर माळ्यावर, मोडक्या खुर्च्यांखाली होतं. बापूसाहेबांनी आधी अर्ज मागितला आणि मग, आश्चर्य म्हणजे, स्वतः शिडी धरली. त्यांनाही आता घोर लागला होता.

सहा मार्च एकोणसाठ. कागद चौदा, परत. घेणार, म्हाळसा. आणि सहीच्या रकान्यात दोन गोल रेघा, मध्ये ठिपके. शेजारी कारकुनी अक्षरात, निशाणी बांगडी.

नव्या पोरांना हे ठाऊक नसतं. पूर्वी लिहिता न येणारा माणूस सहीच्या जागी आपली खूण काढायचा. कुणब्याचा नांगर, बाईमाणसाची बांगडी. पुढे सगळ्यांचेच अंगठे घ्यायला लागले.

"म्हणजे बाईनं स्वतःच नेलाय," बापूसाहेब सुस्कारा टाकून म्हणाले. "सुटलो मी."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. दोन-तीन मैल सायकल हाणत मी जळोचीला गेलो. म्हाळसाबाई विहिरीपाशी शेरडाला पाला टाकत होती. मी खाली बघूनच विचारलं, "बाई, कागद तुमीच नेलाय व्हय?"

"म्या?"

"एकोणसाठ सालच्या मार्चात. बांगडीची निशाणी हाय तुमची."

तिने हातातला पाला खाली टाकला.

"अकबरभाई, आमचं मालक त्याच सालच्या जानेवारीत गेलं. निमगावात. माज्या हातातल्या बांगड्या दगडावर फोडल्या बायकांनी. दोन म्हैनं झालं न्हवतं, मी दाराभायर पडत न्हवते. आन मी बांगडी काढीन? कुठल्या हातानं काढीन?"

मी तिथेच विहिरीच्या कठड्यावर बसलो. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. बांगडी काढणारी बाई सवाशीण होती.

"तुमी काय देता मग? अंगठा?"

"तवापासनं अंगठाच," ती म्हणाली.

संध्याकाळी सुकन्याताईंना सगळं सांगितलं तेव्हा त्या टेबलावर थाप मारून उठल्या. "अकबरभाई, तुम्ही पोलिसात भरती व्हायला हवं होतं! तोतया बाई उभी केली. धुळाजीनेच. आणि भाऊ स्वतः कुठली बाई घेऊन येईल?"

"स्वतःची बायको," मी म्हणालो. माझी छाती फुगली होती, हे कबूल करतो. त्या रात्री मी बायकोलाही दोनदा सांगितलं.

५

डाळजला एस.टी.ने जायचं म्हणजे भिगवणला उतरून परत गाडी बघायची. मी पोचलो तेव्हा ऊन माथ्यावर होतं. साखरबाई पडवीत घोंगडीवर बसली होती. धुळाजीची बायको, यशराजची आई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लेकीने पाणी दिलं आणि ती शेताकडे गेली.

मी नाव सांगितलं नाही. कोर्टातला माणूस, एवढंच म्हणालो.

"आजी, तुमाला सही येती का?"

"कशाची सही! आमच्या येळला निशाणी."

"कशी काढायच्या?"

तिने समोरच्या सुपातलं पीठ चाचपलं आणि बोटाने एक गोल काढला, त्याच्या आत दुसरा. मग मध्ये ठिपके दिले, अगदी सावकाश, एकही सुटू न देता. मी रजिस्टरातली खूण कागदावर उतरून आणली होती. ती शेजारी धरली. ठिपके बारा, तिथेही बाराच.

"म्हाळसाबाईच्या नावानं कोर्टात ही काढली व्हती का तुमी?"

तिचं बोट पिठातच थांबलं. ती नाही म्हणेल अशी माझी तयारी होती. पण ती एकदम म्हणाली, "आज कोण तरी इचारलं म्हनायचं."

मग ती बोलत राहिली. "म्हाळसाचा दाल्ला गेला. तिचं दीर जमिनीवर टपल्यालं. धनी म्हनलं, कागद त्यांच्या हाती पडला तर जमीन निमगावला जाईल. तिच्या भल्यासाठी काढून आणू. तिला आणाय येत न्हाय, सुतकी हाय. तू पदर फुडं घे आन बांगडी काढ, बोलू नको. मी काढली."

"कागदाचं काय केलं?"

"दोन वर्सं कणगीत व्हता. मग म्हाळसा ऱ्हायाला आली. धनी म्हनलं, भन हितंच हाय, मी हाय, आता कागद कशाला? चुलीत घातला. माज्याच चुलीत." ती डोळे पुसायला लागली. "तसं धन्यानं तिला कदी जा म्हनलं न्हाय वो. पोरगं असं करंल हे कुणाला ठावं?"

कागद जळून तेहतीस वर्षं झाली होती. चार दिवस मी शिडीवर चढून राखच शोधत होतो. पण माझं डोकं अजून चालत होतं. कागद नसला तरी तोतयेगिरी सिद्ध झाली तर साहेब निदान विचार करतील.

"आजी, हे कोर्टात सांगाल का?"

"पोटच्या पोराच्या इरुद? न्हाय बाबा. मला त्याच्याच खांद्यावनं जायाचंय."

"बरं. कोर्टात तुमाला कुणी अडवलं न्हाय? वळख कुणी दिली? बाई तीच हाय म्हणून कुणीतरी सही केली आसंल की."

साखरबाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. मोतीबिंदूवाली म्हातारी, तिच्याकडे बघितलं तर काय बिघडतं, असं मी मनाशी म्हटलं होतं; म्हणून ते हसू मला दिसलं.

"व्हता की. वकिलाकडचा पोरगेला कारकून. मुसलमानाचा. लय सभ्य पोरगं! मी भीतीनं लटलट कापत व्हते, तर त्यानं मान म्हनून वर केली न्हाय. माज्या पायाकडं बघितलं आन केली सही."

६

किरकोळ अर्जांचा एकोणसाठचा बस्ता उघडला तेव्हा बापूसाहेबांनी अर्ज मागितला नाही. माझ्या तोंडाकडे बघूनच मागितला नसावा.

कागद परत मिळण्याचा अर्ज. खाली बांगडी. त्याखाली एक ओळ, "अर्जदार बाईस मी जातीने ओळखतो." आणि सही. अ. मुलाणी. तेव्हा मी अ च्या शेपटाला झोकदार वळण द्यायचो.

ते दोन पाय मला लख्ख आठवले. धुळाजी ऑफिसात आला होता, ओळखीचा अशील. वकीलसाहेब कोर्टात उभे होते. "भनीला आणलीया, तेवढी वळख द्या," तो म्हणाला. मी पाहिलं ते असं, तरणे, भेगा नसलेले पाय, बोटांत चांदीची जोडवी. नवरा मेलेल्या बाईच्या बोटात जोडवी कुठून आली, हे मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. म्हाळसा विधवा झालीय हेच मला माहीत नव्हतं. म्हाळसा कोण हेच माहीत नव्हतं. मी जातीने ओळखतो, असं मात्र लिहिलं.

"मी साक्ष देतो," मी सुकन्याताईंना सांगितलं.

"खोटी ओळख दिली म्हणून तुमच्यावरच काही आलं तर?"

"येऊ द्या."

एकवीस तारखेला मी पिंजऱ्यात उभा राहिलो. ज्या कोर्टात छत्तीस वर्षं बाकामागे उभा राहिलो, तिथे पहिल्यांदाच पुढे. जे घडलं ते सगळं सांगितलं. साहेब लक्ष देऊन ऐकत होते. मला वाटलं, होईल काहीतरी.

मग यशराजचे वकील उठले. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "मुलाणी, त्या दिवशी तुम्ही त्या बाईचा चेहरा पाहिला होता?"

"नाही."

"आवाज ऐकला?"

"ती बोलली नाही."

"मग ती म्हाळसाबाई नव्हती, हे तुम्ही कशावरून सांगता?"

"तिच्या पायात जोडवी होती, साहेब."

"पस्तीस वर्षांपूर्वीची जोडवी आठवतात. बरं. आज कोर्टात म्हाळसाबाई हजर आहेत. त्यांचा चेहरा तरी तुम्ही कधी पाहिलाय?"

मी खाली मानेनेच मागे वळलो. बाकावर सात-आठ बायका होत्या. त्यांतली म्हाळसाबाई कोण, हे मला पाय बघितल्याशिवाय सांगता आलं नसतं, आणि बाकामुळे पाय दिसत नव्हते.

"नाही," मी म्हणालो.

"आणखी काही विचारायचं नाही," ते म्हणाले आणि खाली बसले.

७

निकाल यशराजच्या बाजूने लागला. वरच्या कोर्टात अपील केलं, पण स्थगिती मिळाली नाही. माझ्यावर कुणी खटला भरला नाही. पाहिलंच नाही म्हणणाऱ्या माणसाच्या साक्षीला कोण किंमत देतो? तेवढी शिक्षा तरी व्हायला हवी होती.

दिवाळी झाल्यावर कोर्टाचा बेलिफ ताबा घ्यायला जळोचीला गेला. मी गेलो, मला कुणी बोलावलं नव्हतं. म्हाळसाबाईने खोली आदल्या दिवशीच रिकामी केली होती. जमीन शेणाने सारवून ठेवली होती. मोडायच्या खोलीची जमीन का सारवली, हे मी विचारलं नाही. दोन शेरडं, एक पत्र्याची पेटी, घोंगडी. निमगावच्या दिराचा नातू टेम्पो घेऊन आला होता. तो तिला आपल्या पडवीत ठेवणार होता.

यशराज आंब्याखाली उभा होता. तो आत्याजवळ आला, वाकून पाया पडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या क्षणी मला त्याचा राग आला, तिचाही आला, आणि त्या रागाचा काहीच उपयोग नव्हता.

बेलिफाने पंचनामा लिहिला. "बाईचा अंगठा लागेल. ओळखणारा कोण?"

"मी करतो," यशराजचा एक माणूस पुढे झाला.

"नगं," म्हाळसाबाई म्हणाली. "अकबरभाई करत्याल."

मी मान खाली घालून उभा होतो. ते पाय समोर येऊन थांबले. भेगा, वाकडी करंगळी, नुकत्याच सारवणाचं वाळलेलं शेण.

"बाई, माझ्याकडनं नगं," मी म्हणालो. "माझ्याच सहीनं हे झालं."

"म्हणून तर," ती म्हणाली. "आज तरी आदी बघा, आन मग करा."

मी मान वर केली. कपाळावर गोंदणाचे तीन ठिपके होते. उजव्या भुवईत जुनी खोक. डोळे घारे, धनगराच्या घरात क्वचित दिसतात तसे, आणि ते रडून सुजले होते. दोन वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून बोलत होती, आणि डोळे घारे आहेत एवढंही मला माहीत नव्हतं. तिने नजर हलवली नाही. मला मात्र ती हलवावीशी वाटत होती. मी हलवली नाही.

बेलिफाने तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. मी खाली लिहिलं, "अंगठा देणाऱ्या बाईस मी जातीने ओळखतो." सही केली. छत्तीस वर्षांत ते पहिल्यांदाच खरं होतं.